नूरमामा कान बघतात

नूरमामा भेटल्यावर रामराम घालत नाहीत, सलामही करत नाहीत. ते कान धरतात. तुम्ही उन्हातून आलेले असलात की त्यांचा उजवा हात पुढे येतो, अंगठा आणि दोन बोटं तुमच्या कानाच्या पाळीवर बसतात, मामा क्षणभर आभाळाकडे बघत गप्प उभे राहतात आणि मग निकाल देतात. कान गार असला तर "जा." तापलेला असला तर "बूड टेकव." तिसरा निकाल मी आजवर ऐकलेला नाही.

यातून कोणी सुटत नाही. गॅसच्या टाक्या टाकणारा, कुरियरवाला, मेंढपाळ, नवरदेवाकडचे पाहुणे, सगळ्यांचे कान त्यांनी पाहिलेले आहेत. एकदा ग्रामसेवकाचा कान त्यांनी ग्रामपंचायतीच्या दारातच धरला. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, नळाच्या पाण्यावरून जुंपली. अर्धं गाव मोठ्या आशेनं धावत गेलं आणि निराश होऊन परत आलं. लेकीसुनांचा कान मात्र मामा स्वतः धरत नाहीत. त्यांना स्वतःचाच धरायला लावतात आणि चार हात लांबून विचारतात, "कसा हाय?" त्यामुळे उन्हाळ्यात आमच्या रस्त्यावर शिक्षा झाल्यासारख्या स्वतःचा कान धरून उभ्या असलेल्या बायका दिसतात. नवीन माणूस त्या दृश्यानं बिचकतो.

आमचं गाव निमोण्याच्या पलीकडे, शिरूर तालुक्यात. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे यात्रा कमिटीचा विषय येणार आहे आणि मी त्या कमिटीचा सभासद आहे. मी सणसवाडीच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. सकाळी कंपनीच्या बसनं जातो, दुपार कलली की परत येतो. माझं घर आणि मामांचं घर यांच्यामध्ये अंगणातली एकच बुटकी भिंत आहे, ती थेट रस्त्यापर्यंत येते. म्हणजे माझा कान रोज बघितला जातो.

मामा नालबंद. बैलाला आडवा पाडायचा, पाय बांधायचे, खूर तासायचा आणि त्याला लोखंडी पत्री ठोकायची, हा त्यांच्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत असं गाव नसेल जिथल्या बैलांना मामांनी पत्र्या मारल्या नाहीत. आता ट्रॅक्टर आले. गावात बैल औषधालाही सापडत नाही. हातोडी आणि पक्कड ओट्याच्या कोनाड्यात पडून आहेत. बैलाचा ताप कानावरून बघतात हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत, त्यामुळे मामांना ही खोड बैलांवरूनच लागली असणार असं सगळं गाव समजून होतं. मामांनी कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

मामी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा रफिक सणसवाडीलाच एका कंपनीत आहे, तिथंच खोली घेऊन राहतो. ईदेला आणि यात्रेला येतो. त्यानं वडिलांना एकदा तिकडे नेलं होतं. मामा दुसऱ्याच दिवशी परत. मी विचारलं, "का हो मामा, करमलं नाही?" तर म्हणाले, "तिथं समदी गाडीवरनं येत्यात. कुणाला दम लागलेलाच न्हाई."

दम लागलेला माणूस ही मामांची खरी गरज. तसा माणूस सापडला की ते त्याला लिंबाखालच्या ओट्यावर बसवतात. रांजणात भिजवलेलं फडकं त्याच्या मानेवर टाकतात. मग गुळाचा खडा, आणि मग तांब्या. पाणीही तुमच्या मनासारखं प्यायला मिळत नाही. "घोट घोट पी. घटाघटा पिलास तर तांब्या काढून घीन." आणि खरोखर काढून घेतात. पूर्वी बाजाराला पायी जाणारे-येणारे या ओट्यावर टेकायचे. आता ते मोटरसायकलवरून हात करून निघून जातात. मामाही हात करतात.

तर आता शर्यत.

आमच्या यात्रेत पूर्वी कुस्त्या असायच्या. अलीकडे गावातल्या पोरांनी पळण्याची शर्यत सुरू केली. फ्लेक्सवर "भव्य मिनी मॅरेथॉन" असं छापतात. देवळाच्या पटांगणातून निघायचं, कालव्याच्या चारीच्या कडेनं मळ्यांतून जायचं, माळावरून वळायचं आणि परत पटांगणात यायचं. यात्रा भर उन्हाळ्यात. म्हणून वेळ सकाळी साडेसहाची ठेवतात. पण झेंडा दाखवायचा मान प्रमुख पाहुण्यांचा, आणि पाहुण्यांना वाटेत एक लग्न, एक वास्तुशांत आणि एक दहावा असतोच. ते येईपर्यंत सूर्य चांगला डोक्यावर येतो. मग पाहुणे दोन शब्द बोलतात. मग झेंडा.

उन्हाचा बंदोबस्त म्हणून पळणारा प्रत्येक जण खिशात एक कांदा घालतो. खिशात कांदा असला की ऊन बाधत नाही, अशी आमच्याकडे जुनी समजूत आहे आणि कांदा घरचाच असतो. पहिल्या वर्षी एकाची नाडी सैल होती आणि कांदा चांगला गरवा, मोठा होता. तो गडी निम्मी शर्यत एका हातानं चड्डी धरून पळाला. मामांना हे कांद्याचं प्रकरण अजिबात मान्य नाही. "कांदा भाकरीसंगं खायचा. त्यो नुसता जवळ ठिवून ऊन हटत आसतं, तर कांद्याच्या चाळीत बर्फ पडला आसता."

त्याच पहिल्या वर्षी मामा कोणी न बोलावता माळाच्या वळणावर जाऊन उभे राहिले. मळे संपून माळ लागतो तिथं एकटी बाभळ आहे, बाकी सावली नाही. शेवटचा टप्पा तिथून सुरू होतो आणि माणूस ढेपाळतो तो नेमका तिथंच. मामांनी हातगाड्यावरून पाण्याचं पिंप नेलं होतं, त्यात गोणपाटं भिजत घातली होती, शेजारी पातेल्यात गूळ, मीठ आणि लिंबू घातलेलं पाणी. पळणारा आला की मामा आडवे. कान बघायचा. गार असला तर ओलं गोणपाट खांद्यावरून एकदा फिरवून सोडून द्यायचा. तापलेला असला तर बाभळीखाली. कोणाचे बूट भारी दिसले तर पाय उचलून तळवा बघायचे आणि म्हणायचे, "पत्री झ्याक हाय. पण आतला खूर भाजतोय का बघ."

मी पन्नाशीपुढच्या गटात पळतो आणि दरवर्षी बाभळीखाली बसतो. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच पळतो.

सगळ्यांची अशी तयारी नसते. आमच्या पलीकडच्या कारखान्यातले एक साहेब दुसऱ्या वर्षी आले होते. काळा गॉगल, पायात भारी बूट, मनगटावर छातीचे ठोके मोजणारं घड्याळ. मामांनी त्यांचा कान धरल्यावर ते म्हणाले, "हात काढा, माझं रीडिंग नॉर्मल आहे." मामांनी घड्याळाकडे बघितलं. "घड्याळ गार आसंल. कान तापलाय." साहेबांना बसवलं. साहेबांना काहीही झालेलं नव्हतं. त्यांचे कान मुळातच लाल होते, हे मागाहून सगळ्यांनी बघितलं. ते चिडून शेवटच्या घोळक्यात आले आणि संध्याकाळी शर्यतीच्या ग्रुपवर त्यांचा लांबलचक मेसेज पडला.

त्याच दिवशी झारखंडचा एक कामगार मात्र वळणावर आला तो "ठीक है चाचा, ठीक है" म्हणत रस्ता सोडून सरळ उसात शिरला. मामांनी त्याला बखोटीला धरून बाहेर काढला, आडवा केला आणि गोणपाटात असा गुंडाळला की फक्त नाक दिसत होतं. पाणी ओतत राहिले. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम आल्या, त्यांनी त्याला तपासलं, गाडीत घातलं. तो दुसऱ्या दिवशी कामावर गेला. म्हणजे मामांचा हिशेब एकास एक असा राहिला.

मॅडमनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, "मामा, कानावर भरवसा ठेवू नका. ऊन डोक्यात गेलेला माणूस बरळतो, साध्या गोष्टी विसरतो. त्याला काहीतरी सोपं विचारा. उत्तर धड आलं नाही तर बसवा, गार करा आणि मला हाक मारा." मामांना हे पटलं. पण कान बघणं त्यांनी सोडलं नाही. त्याला प्रश्न जोडला. नाव-गाव विचारण्यात त्यांना राम वाटेना. त्यांनी ठरवलेला प्रश्न असा: "तुझ्या आयचं म्हायेर कुठलं?"

यामागे त्यांचा विचार होता. शिरूर-दौंडची सगळी गावं, सगळी घरं त्यांना बैलांवरून माहीत. कोणाची आई कुठल्या दावणीवरून आली हे ते झोपेतही सांगतील. उत्तर बरोबर की चूक हे तपासायला त्यांना कोणाला विचारायला नको. पुढच्या वर्षी प्रश्नाची अंमलबजावणी सुरू झाली. पुण्याहून आलेला एक तरुण "गुलटेकडी" म्हणाला. मामा म्हणाले, "बाजार हाय तिथं मोठा. जा." दुसऱ्याला आईचं माहेर माहीतच नव्हतं. त्यानं तिथंच आईला फोन लावला. आईला वाटलं काहीतरी झालं, ती रडायला लागली. मामांनी त्याला बसवलं आणि फोनवर आईला सांगितलं, "काळजी नगं, सावलीत हाय. पोराला आजोळी धाडत जा."

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. मग गेल्या वर्षी कोमलचं झालं.

कोमल ही बाळासाहेबांची मुलगी. त्यांचा शेवंतीचा मळा आहे. पोरगी पोलीस भरतीची तयारी करते. रोज पहाटे आमच्या घरावरून पळत जाते आणि ऊन चढायला लागलं की परत येते. मामा तिच्यासाठी एक ओला पंचा आमच्या दोघांमधल्या भिंतीवर टाकून ठेवायचे. ती न थांबता पंचा उचलायची, मानेला गुंडाळायची आणि संध्याकाळी फुलांच्या गाडीवरून जाताना परत भिंतीवर फेकायची. दोघांचं बोलणं फार नसायचं. "कान?" मामा ओट्यावरून विचारायचे. "गार!" ती पळता पळता कानाला हात लावून सांगायची.

आमच्या शर्यतीत मुलींमध्ये ती दोनदा दुसरी आली होती. दोन्ही वेळा दौंडकडची एक उंच मुलगी तिला मागे टाकून गेली. गेल्या वर्षी मात्र वळणावर कोमल पुढे होती. चांगली पुढे. पन्नाशीपुढच्यांना आधी सोडतात, म्हणून मी तेव्हा बाभळीखाली माझ्या नेहमीच्या जागी होतो, त्यामुळे सगळं डोळ्यांनी बघितलं.

मामांनी विचारलं, "आयचं म्हायेर कुठलं?"

कोमल म्हणाली, "राहू."

मामांचा चेहरा उतरला. कारण कोमलच्या आईचं माहेर मांडवगण. तिच्या आजोबांची खिल्लार जोडी मामांनी स्वतः कितीदा आडवी पाडलेली. "पोरी, बूड टेकव."

"मामा, राहूच हाय. सोडा."

"मांडवगण हाय. बस."

"आता न्हाई मांडवगण! मामा, ती मागनं आली बघा, सोडा मला."

"भांडायला लागली. डोक्यात ऊन गेलं की माणूस भांडतं," मामा मला म्हणाले आणि तिच्या वाटेत गोणपाट धरून उभे राहिले. ती डावीकडून निघाली तर डावीकडे, उजवीकडून निघाली तर उजवीकडे. आयुष्यभर बैल अडवलेला माणूस. तेवढ्यात दौंडची मुलगी आली. मामांनी तिला विचारलं, तिनं आपल्या आजोळचं नाव सांगितलं, मामांनी मान डोलावली आणि ती निघून गेली. कोमल मग धावली, पण ती रडत धावली आणि तशी धाव कामाची नसते.

संध्याकाळी कोमलची आई मामांच्या ओट्यावर आली. तिच्या भावांनी मांडवगणची जमीन विकून दौंड तालुक्यात राहूला नदीकाठी मळा घेतला होता आणि आईवडलांनाही तिकडेच नेलं होतं. म्हणजे पोरगी शुद्धीवर होती आणि उत्तर बरोबर होतं. मामांनी हातातलं फडकं रांजणात बुडवून पिळलं. मग म्हणाले, "जमीन इकताना मला सांगायचं तरी." कोमलच्या आईला हसू आवरेना. कोमलला हसू आलं नाही. त्या दिवसापासून ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं पळायला लागली, मान समोर ठेवून. मामा रोज पंचा भिजवून भिंतीवर टाकत राहिले. मी बसला जाताना तो ओला बघायचो आणि परत येताना वाळून खडखडीत झालेला. मला वाईट वाटायचं, पण दोघांपैकी कोणाला काय सांगावं हे कळत नव्हतं.

यंदा कमिटी बसली तेव्हा अध्यक्षांनी विषय काढला. अध्यक्ष विकास, वय तिशीच्या आत. "नूरमामांना या वर्षी वळणावर ठिवायचं न्हाई. साहेबांची तक्रार हाय, बाळासाहेबांची हाय. लोक म्हणत्यात, पळायला येतो का जनगणनेला?" यावर सगळ्यांचं एकमत झालं. मामांना हे सांगणार कोण यावरही एकमत झालं, की आपण नाही. मग कोणाला तरी सुचलं, मामांचा सत्कार करू. आमच्याकडे माणसाला जागेवरून हलवायचं असलं की त्याचा सत्कार करतात. शर्यत चालू असेपर्यंत मामा स्टेजवर, मांडवाच्या सावलीत, कूलरसमोर. काम फत्ते. आमंत्रण द्यायला शेजारी म्हणून मला धाडलं.

मी कंपनीतून आलो तो तसाच मामांच्या ओट्यावर गेलो. सत्काराचं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं.

"वळणावर कोण हाय मग?"

"पोरं हायत मामा. पाण्याच्या बाटल्या हायत, टाकी हाय."

"कान बघतील?"

"बघतील की," मी म्हणालो.

"बरं," मामा म्हणाले आणि लिंबाकडे बघत बसले. मी भर उन्हातून आलो होतो आणि त्यांनी माझा कान बघितला नाही. घरात गेल्यावर माझ्या ते ध्यानात आलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं एकच तर काम होतं त्यांना."

यात्रेचा दिवस उजाडला. पाहुणे रिवाजाप्रमाणे उन्हं तापल्यावर आले. मामांना फेटा बांधला, अंगावर लोकरीची शाल घातली, हातात नारळ दिला, सन्मानचिन्ह दिलं. भर उन्हाळ्यात लोकरीची शाल का देतात हे मला कधी समजलेलं नाही. मामा खुर्चीत बसले. आयुष्यभर लोकांना बसवणारा हा माणूस स्वतः इतका वाईट बसतो हे मी त्या दिवशी बघितलं. त्यांना स्टेजवरून उठू द्यायचं नाही ही माझी ड्युटी होती, म्हणून मी यंदा पळत नव्हतो. झेंडा हलला, पोरं-पोरी धुरळा उडवत गेली आणि पाहुण्यांनी खेळाचं महत्त्व सांगायला घेतलं. ते ऐकताना माझा क्षणभर डोळा लागला असावा. उघडला तेव्हा शेजारच्या खुर्चीत नारळ आणि सन्मानचिन्ह होतं. मामा नव्हते.

ते कुठं गेले असतील हे शोधावं लागणार नव्हतं. पटांगणाच्या मागून मळ्यातली आडवाट सरळ माळावर निघते. मी तिकडून गेलो. वळणावर पोहोचलो तेव्हा कमिटीची पोरं बाभळीच्या सावलीत मोबाईल बघत बसली होती. पाण्याच्या बाटल्या उन्हात ठेवल्यामुळे पाणी चहाला आधण ठेवावं इतकं तापलं होतं. आणि मधोमध रस्त्यावर, रणरणत्या उन्हात, डोक्याला गुलाबी फेटा बांधलेले नूरमामा. सत्काराची शाल त्यांनी टाकीत बुडवली होती आणि येईल त्याच्या मानेवर टाकून, दोन पावलं त्याच्याबरोबर चालून, परत काढून घेत होते. कान धरत होते. प्रश्न मात्र कोणाला विचारत नव्हते.

"मामा, सावलीत चला," मी म्हणालो.

"तू बस," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला जरा जड वाटला. घरून निघाल्यापासून त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता हे मला नंतर कळलं. स्टेजवर पाणी फक्त पाहुण्यांसमोर होतं.

मळ्याच्या कडेनं कोमल येताना दिसली. मुलींमध्ये पहिली. दौंडची मुलगी मागे होती, पण फार मागे नव्हती. मामांनी तिला ओळखलं आणि ते रस्त्याच्या मधून बाजूला झाले. तिच्या वाटेत येऊ नये म्हणून पार कडेला, काट्याकुट्यात जाऊन उभे राहिले. ओली शाल फक्त त्यांनी हातभर पुढे धरली, भिंतीवर पंचा टाकतात तशी. घ्यायची तर घे, नाहीतर जा.

कोमल गेली. शाल न घेता पुढे गेली. मग काय झालं कोणास ठाऊक, तिनं मागे वळून बघितलं. मामा उभ्या जागी जरासे कलले होते. ती थांबली. परत आली. मामांच्या समोर उभी राहिली, हात वर केला आणि त्यांचा कान धरला.

मी इतकी वर्षं त्या माणसाच्या शेजारी राहतो. त्यांचा कान कोणी धरलेला मी बघितला नव्हता. कोणाला ते सुचलंच नव्हतं.

"मामा, कान लई तापलाय."

"माझं ऱ्हाऊ दे. ती आली बघ मागनं. पळ."

कोमलनं कान सोडला नाही. "तुमच्या आईचं माहेर कुठलं?"

मामा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या आईचं माहेर दौंड. लहानपणी आजोळी आगगाडी बघायला जायचो हे त्यांनी गावात प्रत्येकाला सांगितलेलं आहे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, आणि ते उत्तर देत नव्हते.

"राहू," मामा म्हणाले.

कोमलनं ओठ मिटले. हसू होतं की काय होतं ते तिनं दाबून धरलं. "चुकलं," ती म्हणाली. "बूड टेकवा."

आणि मामांनी बूड टेकवलं. तिनं त्यांचा हात धरून त्यांना बाभळीखाली आणलं, फेटा काढला, ओली शाल डोक्यावरून घातली, वरून टाकीतलं पाणी ओतलं. दौंडची मुलगी तेवढ्यात वळणावरून निघून गेली. कोमलनं ते बघितलं. मोबाईलवाल्या एका पोराला तिनं डॉक्टर मॅडमकडे पिटाळलं, मला म्हणाली, "काका, घोट घोट द्या. घटाघटा देऊ नका." आणि ती पळाली. ती याही वर्षी दुसरी आली. बाळासाहेब दोन दिवस घरात कोणाशी बोलले नाहीत.

मॅडम येईपर्यंत मी मामांना पाणी पाजत होतो. मला काळजी होती, म्हणून विचारलं, "मामा, आईचं माहेर खरंच आठवलं नाही?"

"दौंड," मामा म्हणाले. "न आठवाया काय झालं? पण गेल्या साली ती बराबर हुती. आन् मी तिला चूक ठरवली. यंदा तिनं ठरवू दे."

मग त्यांनी शालीतून हात बाहेर काढला आणि कोमलनं धरलेल्या कानाला स्वतःच लावून बघितला. मला वाटलं ताप बघतायत.

"आमची ही धरायची," ते म्हणाले. "बाजारातनं चालत आलो की दारातच कान धरायची. तापला आसला की आत येऊ द्यायची न्हाई. आधी बूड टेकवा म्हणायची. मग फडकं, मग गूळ, मग तांब्या."

"आम्हाला वाटायचं, बैलांवरून शिकला असाल."

"बैलांना मी नुसत्या पत्र्या ठोकल्या, दत्ता. ती गेली, आन् मी घरी आलो तर दारात कुणी न्हाई. तवापास्नं मीच बघतो, येईल त्याचा."

मी त्यांच्या हातात तांब्या दिला आणि ते घोट घोट पाणी प्यायले.

पुढच्या वर्षीच्या शर्यतीचं कमिटीनं अजून काही ठरवलेलं नाही. विकास म्हणतो, मामांना वळणावर छत्री देऊ. मामा म्हणतात, पाहुण्यांना बोलावू नका, म्हणजे छत्री लागणार नाही. हे कमिटीला मानवणारं नाही, तेव्हा छत्रीच येईल.

कोमल परत भिंतीच्या कडेनं पळायला लागली आहे. पंचा उचलते. फक्त आता येताना ती ओट्यापाशी थांबते, आपला कान आपण धरून "गार" म्हणून सांगते आणि मग मामांचा धरते. मामा मान जराशी खाली घेतात, तिला उंच पडू नये म्हणून. सकाळच्या वेळी लिंबाखाली बसलेल्या माणसाचा कान तापायचं काही कारण नसतं. तरी ती रोज त्यांना बूड टेकवा म्हणते, आणि बसलेले मामा थोडं सरकून परत बसतात.